नादिष्ट पोरांना रोगी म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दोन आठवड्यांपूर्वी आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘ओटाकू’ या विषयावर ‘विकृती’ अशा मथळ्याचा अर्ध्या पानाचा लेख आला होता. सोबत जपानी मालिकांतल्या पात्रांचे पोशाख करून बागेत जमलेल्या दहा-बारा पोरांचा फोटो होता. त्यात डावीकडून तिसरी, हिरव्या-काळ्या चौकड्यांचा अंगरखा घातलेली मुलगी माझी नात आहे. त्या अंगरख्याचे चौकोन मी कापून दिलेत, म्हणून हे पत्र मीच लिहायला हवं. ते लांबलं आहे, पण कृपा करून कापू नका.

लेखकाचं म्हणणं असं की ओटाकू हा जपानमधला मानसिक आजार आहे. जपानी कार्टून पाहून तो जडतो, मग मूल खोलीचं दार लावून घेतं, माणसांत मिसळत नाही आणि पुढे त्याच्या हातून काहीही होऊ शकतं. शेवटी पालकांना सल्ला होता की घरात असली पुस्तकं दिसली तर वेळीच बाहेर काढा. लेख छापून आला त्याच संध्याकाळी शेजारच्या बाई आमच्याकडे आल्या आणि माझ्या सुनेला हळूच विचारलं, “पोरीला कुणा डॉक्टरला दाखवलं का?” नात आतल्या खोलीत होती. तिने ते ऐकलं.

मी चाळीस वर्षं चादरीच्या धंद्यात जकार्डचं, म्हणजे भोकांच्या कार्डांवरून मागावर उतरणाऱ्या नक्षीचं डिझाइन केलं. मला जपानी येत नाही. नात शिकते आहे, पहिली परीक्षा पास झाली आहे. लेख आल्यापासून रोज रात्री जेवण झाल्यावर मी तिच्याजवळ बसलो, तिने वाचून दाखवलं, मी प्रश्न विचारले, न पटलेलं पुन्हा शोधायला लावलं. त्यातून जे पक्कं समजलं तेवढंच इथे लिहितो.

आधी उच्चाराचं. जपानीत तो ‘ट’ नाही, आपल्या ‘ताक’मधल्या ‘त’च्या जवळचा आहे. शब्द इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आला म्हणून त्याचा ‘ट’ झाला. आपल्या भाषेत दोन्ही अक्षरं असताना चुकीचं कशाला घ्यायचं? मी ‘ओताकु’ लिहितो.

‘ताकु’ म्हणजे घर. आधीचा ‘ओ’ आदराचा. मिळून ‘आपलं घर’, आणि त्यावरून समोरच्या माणसालाच ‘आपण’. म्हणजे माणसाला थेट ‘तू’ म्हणायचं नाही, त्याच्या घराचा मान राखून बोलायचं. नातीने हे सांगितलं तेव्हा मला आमच्या जुन्या वाड्यातल्या एक आजी आठवल्या. नवऱ्याविषयी बोलताना त्या नाव तर घेत नसतच, ‘ते’सुद्धा म्हणत नसत. “तिकडून अजून येणं झालं नाही,” असं म्हणायच्या. माणसाच्या जागी दिशा! आमचं घर तेलुगू बोलणारं, सोलापूरच्या पूर्व भागातली निम्मी घरं तशीच. माझी आई वडिलांना ‘मा इंटायना’ म्हणायची. घराला आम्ही ‘इल्लु’ म्हणतो, ‘इंटायना’ म्हणजे घरचा माणूस. आणि ‘आमच्या घरचे आले की विचारते,’ हे तर सोलापुरात आजही रोज ऐकू येतं. जपानी माणसाने आदराने ‘आपलं घर’ म्हटलं तर ते आपल्याला कळायला काही अडचण नाही. हा शब्द मुळात अदबीचा आहे.

मग तो पोरांना कसा चिकटला? सत्तरच्या दशकात जपानमध्ये विज्ञानकथा, मांगा म्हणजे चित्रकथा, आणि अॅनिमे म्हणजे चलतचित्रांच्या मालिका यांचा नाद असलेली पोरं एकमेकांना भेटू लागली. २१ डिसेंबर १९७५ रोजी टोकियोत पहिलं ‘कॉमिक मार्केट’ भरलं, त्याला थोडक्यात कॉमिकेट म्हणतात. ३२ गट आणि सुमारे ७०० माणसं, एवढाच पसारा. स्वतः काढलेल्या, स्वतःच्या पैशाने छापलेल्या चित्रकथा पोरांनी तिथे मांडल्या. आज ते वर्षातून दोनदा, ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरमध्ये भरतं आणि लाखो लोक येतात. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. तिथे ‘गिऱ्हाईक’ असा शब्दच वापरत नाहीत. मांडणाराही सहभागी, विकत घेणाराही सहभागी आणि गर्दी आवरणारा स्वयंसेवकही सहभागी. आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेत पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजाबरोबर चालणाऱ्यांना पाहुणा कोण आणि यजमान कोण असं विचारून पाहा. देवाच्या कार्याशी मी कशाची बरोबरी करत नाही. फक्त एवढंच म्हणतो की वर्षातून एकदा ठरावीक पोशाख करून एका जागी जमणं आणि त्यात आपण सगळे एक असं वाटणं, हे सोलापूरकराला समजावून सांगावं लागू नये.

तर अशा ठिकाणी अनोळखी पोरं समोरासमोर आली. नाव माहीत नाही, वय माहीत नाही, शाळा माहीत नाही. जपानीत ‘तू’ला पाच-सहा शब्द आहेत आणि प्रत्येकात लहान-मोठं, जवळ-दूर ठरलेलं आहे. लाजाळू पोराने काय म्हणावं? त्यांनी आईबापांच्या तोंडचा हा अदबीचा शब्द उचलला. ‘ओताकु’कडे अमुक अंक आहे का? ‘ओताकु’ने तमुक भाग पाहिला का? पंधरा वर्षांच्या दोन पोरांनी एकमेकांना ‘आपल्याकडे’ म्हणावं तसं ते होतं, आणि ऐकणाऱ्याला विचित्रच वाटणार. ओकादा तोशिओ या अभ्यासकाच्या मते केइओ विद्यापीठातल्या कावामोरी शोजी आणि मिकिमोतो हारुहिको यांच्या मित्रमंडळात अशी बोलायची पद्धत होती. १९८२ साली त्यांनी ज्या ‘माक्रोस’ मालिकेवर काम केलं, तिच्यातली पात्रंही असंच बोलतात. पोरांनी ते आणखी उचललं.

संपादक महोदय, पुढचा भाग मी खास आपल्यासाठी लिहितो आहे.

१९८३ साली ‘मांगा बुरिक्को’ नावाच्या मासिकात नाकामोरी आकिओ या तरुण लेखकाने ‘ओताकुंचा अभ्यास’ अशा अर्थाचं सदर सुरू केलं. ते मासिक काही सोवळं नव्हतं, त्यात प्रौढांसाठीची चित्रं असत. नाकामोरी कॉमिकेटला जाऊन आला आणि त्याने तिथल्या पोरांचं वर्णन केलं: मधल्या सुट्टीत मैदानावर न जाता वर्गात बसून राहणारी, जाड चष्म्याची, आईने आणलेले कपडे घालणारी. ही पोरं एकमेकांना ‘ओताकु’ म्हणतात, तर आपण त्यांना तेच नाव देऊ, असं त्याने सुचवलं. अदबीने हाक मारायचा शब्द त्या दिवसापासून हिणवायचा शब्द झाला. ज्याला म्हणायचं त्याचाच शब्द घेऊन त्यालाच मारला.

त्या मासिकाचे संपादक होते ओत्सुका एइजी. हे सदर माणसांमाणसांत भेद करतं असं त्यांना वाटलं आणि थोड्याच अंकांत त्यांनी ते बंद केलं. आपल्याच मासिकात आपल्याच परवानगीने सुरू झालेलं सदर! हे ऐकल्यावर मी नातीला दोनदा विचारलं, खात्री आहे ना? खात्री आहे. लेख छापला म्हणून मी आपल्याला दोष देत नाही. पण छापल्यानंतरही संपादकाच्या हातात बरंच असतं, हे त्या माणसाने दाखवून दिलं आहे.

शब्द मात्र गेला तो गेलाच. पुढे १९८८-८९मध्ये टोकियोच्या आसपास चार लहान मुलींचे खून झाले. खुनी १९८९ साली पकडला गेला. त्याचं नाव मला इथे लिहायचं नाही. त्याच्या खोलीत ५,७६३ व्हिडिओ कॅसेट सापडल्या. भिंतीला लावून रचलेल्या कॅसेटींचा तो फोटो जपानच्या घराघरांत पोचला आणि वर्तमानपत्रांनी, टीव्हीने त्याला ‘ओताकु’ ठरवलं. २००८ साली त्याला फाशी झाली. ज्या घरांतल्या मुली गेल्या त्यांच्या दुःखाविषयी मी काय बोलावं, मलाही नात आहे. पण एका नराधमाच्या खोलीत कॅसेट होत्या म्हणून ज्यांच्या ज्यांच्या घरी कॅसेट आहेत ते सगळे तसलेच, हा हिशेब कुठला? तरी तो हिशेब मांडला गेला. कित्येक वर्षं जपानमधली पोरं आपला नाद लपवत राहिली. आपल्या पुरवणीतल्या लेखाने नेमकं १९८९ सालचं ते ओझं उचलून हजारो किलोमीटर लांबच्या सोलापुरातल्या पोरांच्या डोक्यावर ठेवलं.

त्यात आणखी एक घोटाळा केला. खोलीचं दार लावून बसणाऱ्यांसाठी जपानीत वेगळा शब्द आहे, हिकिकोमोरी. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ शाळा-नोकरी, मित्र, सगळं सोडून जो घरातच राहतो तो हिकिकोमोरी. तो खरोखर कष्टात असतो, त्याला आधाराची गरज असते. तो ओताकु असेलही, नसेलही. बागेत रविवारी सकाळी आठ वाजता पोशाख करून, रिक्षाचे पैसे वर्गणीने काढून जमलेली पोरं कोणत्या अंगाने हिकिकोमोरी ठरतात, ते लेखकाने सांगावं. माझी नात अकरावी-बारावीत दोन वर्षं कुणाशी धड बोलत नव्हती. या पोरांच्या संगतीने बोलायला लागली. हे मी घरात पाहिलेलं आहे.

त्या अंगरख्याचंही सांगतो. एका मालिकेत कोळसा विकणाऱ्या गरीब घरातला एक मुलगा आहे, तो असा हिरव्या-काळ्या चौकड्यांचा अंगरखा घालतो. नातीने आधी हिरव्या कापडावर काळा रंग ब्रशने लावून पाहिला. कडा फुटल्या, रंग पसरला, ती रडवेली झाली. मी म्हटलं, आण इकडे. ग्राफचा कागद काढला. पाठ, पुढची दोन अंगं, बाह्या असं मांडलं आणि चार इंची चौकोनांचा हिशेब केला. शिलाईसाठी सोडायची जागा धरून तीनशेवर तुकडे झाले. शिवताना एका चौकोनाचं टोक दुसऱ्याच्या टोकाला भिडलंच पाहिजे, सुतभर सरकलं की पुढची सगळी ओळ तिरकी जाते. सुनेने मशीन चालवलं, नात टाचण्या लावत होती, मी कापत होतो. चार रात्री लागल्या.

कापता कापता मी तिला सांगितलं की हा चौकडा साध्या विणीत येत नाही. हिरवा ताणा म्हणजे उभे धागे आणि काळा बाणा म्हणजे आडवे धागे घेतले तर दोन्ही मिसळून तिसराच मळकट रंग होतो. पण आपल्या सोलापुरी चादरीची वीण दुपदरी असते. तिच्यात हिरवं हिरवंच राहतं, काळं काळंच, आणि चादर उलटली की रंगांची अदलाबदल झालेली दिसते. यावर ती म्हणाली, आजोबा, या चौकड्याला जपानीत ‘इचिमात्सु’ म्हणतात. अठराव्या शतकात सानोगावा इचिमात्सु नावाचा काबुकी नट होता, तो असल्या नक्षीचं वस्त्र घालून रंगमंचावर आला आणि लोकांनी नक्षीलाच त्याचं नाव दिलं. २०२० च्या टोकियो ऑलिंपिकचं बोधचिन्हही त्याच चौकड्यावरून केलं होतं. मी चाळीस वर्षं चौकोन भरत आलो आणि मला हे ठाऊक नव्हतं. एकोणीस वर्षांच्या पोरीला ठाऊक होतं, कारण तिला एका मालिकेचा नाद आहे आणि नाद तिला मालिकेवरून कापडावर, कापडावरून नटावर, नटावरून त्या शतकावर घेऊन गेला.

ओताकु म्हणजे हे. वर उल्लेख केलेले ओकादा तोशिओ यांनी टोकियो विद्यापीठात या विषयावर व्याख्यानं दिली आणि १९९६ साली पुस्तक लिहिलं. ते म्हणतात, ओताकुला तीन डोळे असतात. एक रसिकाचा, सौंदर्य टिपणारा. दुसरा कारागिराचा, ही गोष्ट केली कशी हे पाहणारा. तिसरा जाणकाराचा, ती करणाऱ्याच्या अडचणी आणि आतल्या गोष्टी ओळखणारा. नातीने हे वाचून दाखवलं तेव्हा मी तिला थांबवून पुन्हा वाचायला लावलं. कारखान्यात आम्ही नव्या माणसाला हेच शिकवत होतो, नुसतं या शब्दांत नाही. जकार्डमध्ये एका बाण्याला एक कार्ड. कार्डावर भोक असेल तर ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तर खालीच राहतो. एक भोक चुकलं की मोराचा डोळा सरकून चोचीत जातो. लांबून पाहणाऱ्याला चादर दिसते, आम्हाला ते भोक दिसतं. लग्नाला गेलो तरी मांडवात अंथरलेली चादर उलटून पाहायची सवय माझी अजून गेलेली नाही. मला कुणी रोगी म्हटलं नाही. माझ्या नादाला पगार होता म्हणून म्हटलं नाही, असं आता वाटतं.

ज्याच्या नादाला पगार नव्हता असा एक माणूसही आमच्या घरात होता. माझा धाकटा भाऊ. तो एका दुकानात हिशेब लिहायचा आणि सुट्टी मिळाली की कुर्डुवाडी गाठायचा. बार्शी लाइटची अडीच फुटी छोटी रेल्वे तेव्हा चालू होती. कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने बांधलेली ती लाइन १८९७ साली सुरू झालेली. भाऊ कुठे जायचं म्हणून त्या गाडीत बसत नव्हता, गाडीत बसायचं म्हणून बसायचा. इंजिनाचा नंबर, डबे किती, कुठल्या स्टेशनला किती वाजता, किती मिनिटं उशीर, पाणी कुठे भरलं, सगळं वहीत उतरवायचा. अक्षर मोत्यासारखं. त्याला घरात ‘गाडीवेडा’ म्हणत, आणि प्रेमाने म्हणत असू असं मला आठवत नाही.

जपानमध्ये त्याला हसले नसते असं मी म्हणत नाही. पण त्याला नाव असतं आणि जोडीदार असते. २००५ साली नोमुरा संशोधन संस्थेने ओताकुंची पाहणी केली तेव्हा त्यांनी बारा क्षेत्रं धरली. चित्रकथा, अॅनिमे, गेम हे त्यात होतेच, पण गाड्या, प्रवास, कॅमेरे, कॉम्प्युटर जुळवणं, कपडे आणि रेल्वेही होती. आपल्या लेखकाने ओताकु म्हणजे फक्त कार्टून असं धरलं, ते तिथेच खोटं ठरतं. रेल्वेला जपानीत ‘तेत्सुदो’ म्हणतात. तेत्सु म्हणजे लोखंड, दो म्हणजे मार्ग, शब्दशः आपला लोहमार्ग. रेल्वेच्या ओताकुंमध्येही पोटजाती आहेत. नुसता प्रवास करणारे नोरितेत्सु, फोटो काढणारे तोरितेत्सु, गाडीचे आवाज टिपून ठेवणारे ओतोतेत्सु. माझा भाऊ नोरितेत्सु होता. हा शब्द मला त्याच्या हयातीत मिळाला असता तर मी त्याला ऐकवला असता.

तो वारला त्या वर्षी दिवाळीच्या सफाईत त्याच्या अकरा वह्या आम्ही रद्दीत घातल्या. मीच बांधून दिल्या. आज त्या मार्गावर रुंद रूळ आहेत, छोटी गाडी राहिली नाही. कुठल्या दिवशी कुठली गाडी कुठे किती थांबली ते त्या वह्यांमध्ये होतं, दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही.

ओताकुंच्या जगात सगळं गोड आहे असं सांगण्यासाठी हे पत्र नाही. मांगामध्ये मोठ्यांसाठीचं, आणि काही तर कुणासाठीच नसावं असंही साहित्य आहे. लहान पोराच्या हातात काय आहे ते आईबापांनी पाहिलंच पाहिजे, शेजारी बसून पाहिलं पाहिजे. पैशाचाही प्रश्न आहे. प्लास्टिकच्या एका बाहुलीला चार-चार हजार रुपये पडतात आणि मागावर पाळी करणाऱ्या घरातलं पोर त्यासाठी हट्ट धरतं तेव्हा बापाचा जीव मेटाकुटीला येतो. यावर लिहायला हवं होतं. आपल्या लेखकाने ते लिहिलं असतं तर मी कात्रण काढून ठेवलं असतं.

पण ‘विकृती’ कशाला म्हणायचं? मराठीत याला चांगले शब्द आहेत. नाद, छंद, व्यासंग, वेड, व्यसन, प्रत्येकाचं वजन वेगळं. गाण्याच्या मैफलीत समेवर मान हलवणाऱ्याला आपण दर्दी म्हणतो, जुनी नाणी जमवणाऱ्याला संग्राहक, दिवसभर पोथ्या उलगडणाऱ्याला व्यासंगी. ओताकुच्या सगळ्यात जवळ मला ‘नादिष्ट’ वाटतो. त्यात थोडी तक्रार आहे, थोडं कौतुक आहे आणि आजार मुळीच नाही. जपानमध्येही आता हा शब्द पूर्वीइतका बोचत नाही, पोरं आपण होऊन ‘मी अमक्याचा ओताकु’ असं सांगतात. तिथे जो शब्द चाळीस वर्षांत कसाबसा धुऊन निघाला, तो आपण मळलेला असतानाचा का आणायचा? आणि तसं पाहिलं तर जपानी चित्रं आपल्याकडे आज आली का? नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा तेव्हा आमच्या गल्लीत शुकशुकाट व्हायचा. ती मालिका जपानमध्येच तयार झालेली होती. तेव्हाची पोरं आज आईबाप आहेत आणि धडधाकट आहेत.

धंद्यातली एक गोष्ट सांगतो. कार्ड चुकीचं पंच झालं आणि तसंच मागावर चढलं तर ती चूक एका चादरीत राहत नाही, त्या डिझाइनच्या प्रत्येक चादरीत उतरते. वर्तमानपत्रात छापलेला अर्थ तसाच असतो. सोलापुरातल्या बहुतेक घरांनी ‘ओटाकू’ हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा आपल्या पुरवणीत वाचला. त्यांच्यासाठी आता तोच अर्थ. म्हणून विनंती आहे की तेवढ्याच जागेत, त्याच पानावर, या शब्दाचा खरा अर्थ छापावा. आणि फोटोतली सात मुलं अठरा वर्षांखालची आहेत, त्यांच्या आईवडिलांना न विचारता ‘विकृती’ या मथळ्याखाली त्यांचे चेहरे छापायला नको होते. याबद्दल दोन ओळी आपल्याकडून याव्यात असं मला मनापासून वाटतं.

आता त्या सल्ल्याविषयी, पुस्तकं घराबाहेर काढण्याच्या. त्या पोरांपैकी एकाच्या वडिलांनी तो मानला. सोमवारी सकाळी मुलगा शाळेत गेला तेव्हा त्यांनी त्याच्या चित्रकथांचे भाग रद्दीवाल्याला देऊन टाकले. मला नातीकडून संध्याकाळी कळलं. दुकान मला माहीत होतं, सायकल काढली आणि गेलो. गठ्ठा अजून दुकानातच होता. त्याने बारा रुपये किलोने घेतले होते, मला वीसने दिले. तीन किलोला थोडे कमी भरले. प्रत्येक भागाला शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर, वर लेबल, लेबलावर भागाचा क्रमांक आणि ‘उजवीकडून वाचावे’ अशी मराठीत सूचना. कुणाला वाचायला दिलं तर त्याचा गोंधळ होऊ नये म्हणून. आतल्या पानांवर पेन्सिलीने बारीक खुणा आहेत, कुठलं चित्र कसं काढलं असेल त्याच्या.

मुलाच्या वडिलांवर माझा राग नाही. त्यांनी वर्तमानपत्रावर विश्वास ठेवला आणि मुलाच्या काळजीपोटीच केलं. ते हे पत्र वाचतील तर त्यांना सांगतो, पुस्तकं सुखरूप आहेत. माझ्या कपाटात, ग्राफच्या गुंडाळ्यांशेजारी ठेवली आहेत. मुलाला घेऊन कधीही या. एक ते अठरा क्रमांक आहेत, मधला आठवा तेवढा गठ्ठ्यात नव्हता. रद्दीवाला म्हणाला, त्या दिवशी एक पुस्तक एका पोराने चाळायला म्हणून नेलंय. गुरुवारी पुन्हा जाऊन विचारणार आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त जकार्ड डिझायनर,
पूर्व भाग, सोलापूर